अंगणातली भेदरं

बी.ए. होऊन मी वर्ध्याला शाळेत लागलो, तेव्हा माझ्या खोलीशेजारी एक म्हातारे गृहस्थ राहत. भेदरं, म्हणजे टमाटे, त्यांच्या स्वयंपाकघरात येत नसत. रंग मांसासारखा दिसतो म्हणून ते शिवतही नसत. पण त्या माघात त्यांनी स्वतः टोपलीभर भेदरं आणली आणि अंगणात तीन दगडांची चूल मांडली. सुनेला दिवस गेले होते. भेदराशिवाय तिच्या पोटात काही ठरत नव्हतं, आणि उन्हाळ्यात ती मिळत नसत.

धोतर खोचून ते रोज एक पातेलं रस आटवत. अंगावर थेंब उडाला की घाईने पंच्याने पुसत. लगदा घट्ट झाला की मला हाक येई.

"मास्तर, या बरं! मीठ पाहून सांगा."

"जरा कमी आहे, काका."

"मंग काल काऊन बरोबर म्हटलं? एवढं शिकले, अन् जीभ ठिकाणावर नाई तुमची!"

चव न घेता ते इतकं मन लावून ढवळत, की मला माझे वडील आठवत. अक्षर येत नसताना ते माझ्या पुस्तकांना कव्हरं घालून देत.

वर तेल ओतून बरणी बांधून ठेवली. ती चैत्रात उघडली. सून दारात बसून भाकरीशी लगदा खात होती. काका तिच्याकडे पाठ करून अंगणात बसले होते.

"मामाजी, लय चांगलं झालं. बोटभर चाखा ना!"

"मले दाखवू नको ते," ते तोंड न वळवता म्हणाले. मग हळूच विचारलं, "भाकर संपली काय, पोरी? अजून एक आणू?"