गरम इंजिन बंद करताना

सुप्याच्या पुढच्या एका वस्तीवर गाय अडली होती. माझा हात कोपरापर्यंत आत, वासराचे पुढचे पाय नुकतेच सापडले होते, आणि फोन वाजला. गोठ्याच्या मालकिणीने तो माझ्या कानाशी धरला. केडगावहून शबाना बोलत होती, आमच्या शब्बीरभाईंची मुलगी. "डॉक्टरकाका, अब्बा गेले... आज दुपारी, असरच्या नमाजनंतर माती आहे." मला हात काढता येईना. वासरू बाहेर आलं, धडपडत उभं राहिलं, तेव्हा कुठे मी जीपकडे धावलो. या गोष्टीला आता दीड महिना झाला.

मी गुरांचा डॉक्टर. आठ वर्षांपूर्वी मी हे काम सोडायला निघालो होतो आणि त्याचं कारण ही जीपच होती. सकाळी थंड असताना शहाण्यासारखी सुरू व्हायची. दोन गावं फिरून तापली, की चावी फिरवल्यावर नुसतं 'टक्'. अर्धा तास थांबलं की पुन्हा सुरू. नगरमधल्या दोन मेकॅनिकांनी बॅटरी बदलली, इंजिनला पहिला झटका देणारा सेल्फ दोनदा बदलला, फरक शून्य. अशाच एका 'टक्'पायी मी एका गोठ्यात उशिरा पोचलो. गाय गेली होती. तिच्या मालकिणीने तरीही मला पाणी दिलं. त्या दिवसापासून मी इंजिन बंदच करीनासा झालो. गोठ्याच्या दारात जीप धडधडत उभी, धुराने जनावरं बुजलेली, आणि आत मी ओरडून बोलतोय! लोक हसायचे. शेवटी बायकोला म्हणालो, पुरे झालं, सावेडीत औषधांचं दुकान टाकू.

तेव्हा कुणीतरी शब्बीरभाईंकडे पाठवलं. केडगावात पत्र्याच्या शेडमध्ये गाड्यांचं वायरिंग करणारा किडकिडीत माणूस. पांढरा सदरा घालून ऑइलमध्ये काम करायचा आणि सदऱ्यावर डाग पडू द्यायचा नाही. त्यांनी आधी मला गाडी तापवून आणायला लावली. मग खाली वाकून पाहिलं आणि हसले.

"सेल्फ चांगला हाय. सायलेन्सरला चिकटून बसलाय, तापला की त्याला करंट जास्त लागतो. आन् चावीपासनं वायर किती लांब फिरून येती बगा. वाटंतच निम्मा जीव जातो तिचा. बॅटरीजवळ, थंड जागंला, येगळा सोलेनॉइड, म्हंजी करंटचा स्विच, बसवतो. चावीनं फकस्त त्याला इशारा करायचा. सेल्फला भरपूर करंट त्यो पोचवंल."

तासाभराचं काम. दोन मेकॅनिक झक मारून जे शोधू शकले नाहीत, ते या माणसाने वाकून पाहण्यात शोधलं. पण त्यांची खरी पद्धत पुढेच होती. दुसऱ्या दिवशी ते माझ्या शेजारी येऊन बसले. दिवसभर माझ्याबरोबर फिरायचं, प्रत्येक गोठ्यापाशी मला इंजिन बंद करायला लावायचं. गाडी दुरुस्त झाली तरी मालकाचं भ्या जायला पायजे, असं त्यांचं म्हणणं.

तीन गोठ्यांवर जीप झटक्यात सुरू झाली. चौथ्यावर चावी सोडली तरी सेल्फ फिरतच राहिला, कर्कश आवाज करत. शब्बीरभाईंनी उडी मारून बॉनेट उघडलं आणि बॅटरीची वायर हाताने उपटली. ठिणग्या उडाल्या, तळहात भाजला. आवाज थांबला. इंजिन डिझेलचं, त्याला चालत राहायला बॅटरी लागत नाही, ते तेवढं चालू राहिलं.

"चूक माझी हाय, डॉक्टर," ते म्हणाले. "सोलेनॉइड जुन्या टेम्पोचा काढून लावला. वाटलं, चालंल. आतनं चिकटला त्यो."

दुसरा कुणी असता तर वायरिंगला, नशिबाला, माझ्या चावी फिरवण्याला दोष देऊन मोकळा झाला असता. शब्बीरभाईंनी त्याच दिवशी नवा सोलेनॉइड बसवला, आणि दुसऱ्या दिवशी हाताला पट्टी बांधून पुन्हा माझ्या शेजारी हजर! त्या दिवशी बारा गोठे झाले. बाराही ठिकाणी मी इंजिन बंद केलं, बाराही ठिकाणी ते पुन्हा सुरू झालं. सावेडीचं दुकान राहिलं ते राहिलंच.

...तर शबानाचा फोन आला त्या दुपारी मी वेळेत पोचलो. माती दिली. कब्रस्तानाच्या फाटकाबाहेर आलो आणि थबकलो. जीपचं दार सताड उघडं, आणि इंजिन धडधडतंय. आठ वर्षांत पहिल्यांदाच मी इंजिन चालू ठेवून उतरलो होतो. शब्बीरभाई नाहीत म्हटल्यावर, माझ्याही नकळत, माझं जुनं भ्या परत आलं होतं. मला स्वतःची लाज वाटली. हात घालून चावी फिरवली, इंजिन बंद केलं.

शेजारी एक टेम्पोवाला डोळे पुसत उभा होता. "आवो, बंद कशाला केली? तापलीया लई. व्हईल का परत सुरू?"

"होईल," मी म्हणालो.

दहा मिनिटं आत बसून राहिलो. रडलो, खोटं कशाला सांगू. मग चावी फिरवली. सुरू झाली.

औषधांची पेटी मी हल्ली मागे ठेवतो. शब्बीरभाई बसले होते त्या शेजारच्या सीटवर काही ठेवत नाही.