नवऱ्याची साक्ष

टेक्सासमधल्या प्लेनोमध्ये आमची मराठी ख्रिस्ती मंडळी महिन्यातून एका रविवारी जमते. एका अमेरिकन चर्चचा मागचा हॉल दुपारी रिकामा असतो, तो आम्हांला मिळतो. तिथे पेटी मी वाजवते. माझे पप्पा अहमदनगरकडे चर्चचे पाळक होते, त्यामुळे चालायला आणि गायला मी बहुधा बरोबरच शिकले. नवरा मात्र नावापुरता ख्रिस्ती. तो मला चर्चला सोडायचा, पार्किंगमध्ये गाडीत बसून फोनवर क्रिकेट बघायचा आणि जेवणाच्या वेळी बरोब्बर आत यायचा. त्याच्यासाठी मी वर्षानुवर्षं रोज पहाटे गुडघे टेकून प्रार्थना केली.

मग एका रविवारी तो आत येऊन शेवटच्या रांगेत बसला. पुढच्या महिन्यात मधल्या रांगेत, आणि नंतर थेट माझ्या पेटीसमोर. त्याला सूर नाही, तालही नाही. पण तो डोळे मिटून, हात वर करून गायचा आणि चेहरा असा उजळायचा, की पेटीवरची माझी बोटं चुकायची. घरीही तेच. कांदा चिरताना गाणं, कचरा बाहेर ठेवताना गाणं. माझं मागणं देवाने ऐकलं होतं, आणि माझ्याच पोटात दुखत होतं.

मला असं कधी झालंच नव्हतं. मी पवित्र शास्त्र वाचत होते, उपास धरत होते, सगळं नीट करत होते. आनंद मात्र ह्याला, तोही इतक्या सहज?

त्यानंतरच्या उपासनेत तो साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायला, उभा राहिला. मी ओढणी सारखी केली. वाटलं, आता माझ्या प्रार्थनांबद्दल बोलेल.

तो म्हणाला, “माझ्या टीममधल्या निम्म्या लोकांना कंपनीने काढलं, त्या दिवशी मी घरी येताना हायवेवर अडकलो होतो. फार घाबरलो होतो. आणि एकदम वाटलं, शेजारच्या सीटवर प्रभू बसलाय. काही बोलला नाही. नुसता बसला होता. मी रडलो, मग हसलो, मग गायला लागलो.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेतल्या मावशी डोळे पुसत होत्या. माझ्याबद्दल एक शब्द नाही. आणि ती शेजारची सीट तर माझी होती.

परतताना त्याच सीटवर बसून मी विचारलं, “त्या दिवशी घरी येऊन मला का नाही सांगितलंस?”

लेन बदलत तो म्हणाला, “तुला सांगायची भीती वाटली.”

“माझी भीती?”

“अगं, तू प्रार्थनेला बसलीस की परीक्षेला बसल्यासारखी दिसतेस. वाटलं, तू म्हणशील, असं होत नसतं.”

खरं म्हणजे मी तसंच म्हटलं असतं.

पुढच्या शनिवारी सकाळी नाश्त्याच्या टेबलावर मी त्याला म्हटलं, “आज तू कर प्रार्थना.” आमच्या घरात ती नेहमी मीच करायचे. आमच्या मुलीने चमचा खाली ठेवून दोघांकडे पाहिलं.

त्याने डोळे मिटले. “प्रभू, काल टायर पंक्चर झाला, पण घराजवळ झाला, थँक्यू. मुलीची आज मॅच आहे, तिच्याबरोबर पळ. आणि ह्या पोह्यांबद्दल आभार. मीठ जरा जास्त आहे, पण ते तुला माहीतच आहे.”

मला हसू फुटलं. ओठ आवळले, तरी नाकातून आलंच.

“मॉम! यू कान्ट लाफ!” मुलगी ओरडली.

“हसू दे गं,” डोळे न उघडता तो म्हणाला, “तोही हसत असेल.”

हे त्याला कसं सुचतं, ह्याचा मला तेव्हाही हेवा वाटला. अजूनही वाटतो. पण हसू काही थांबेना, डोळ्यांत पाणी आलं, आणि आमेन म्हणायला मला जरा उशीरच झाला.