न घासलेली दाढ

तीस वर्षं मी पुरातत्त्व खात्यासाठी खड्डे खणले. त्यांतून निघालेली माणसांची हाडं माझी मेहुणी साफ करायची. एका जबड्याला दोन दिवस. मऊ ब्रश, बांबूची काडी, चमचाभर पाणी. दातांना मात्र ती हात लावत नसे. त्यांवरच्या किटणात त्या माणसाचं जेवण अडकलेलं असतं. तपासणाऱ्या बाई येईपर्यंत ते तसंच राहायला हवं.

एकदा मला एकाच खड्ड्यात दोघं सापडली. बाई आणि पुरुष, तोंडं विरुद्ध दिशांना.

"नवराबायको असणार," मी म्हणालो.

"तोंडं फिरवलेली, तुमच्या दोघांसारखी, भावजी. पुरलं एकत्र, पण एका चुलीचं खात होती का? ते कळलं पाहिजे."

त्यासाठी ती दोन महिने राबली.

मग हाडं पाहायला पाहुणे येणार असं ठरलं. खात्याचे साहेब म्हणाले, "दात चमकले पाहिजेत."

"किटण गेलं की त्यांचं जेवण गेलं, साहेब."

"तुम्ही घासा. विचार करायला आम्ही आहोत."

तिने ब्रश खाली ठेवला. मग साहेबांनीच बाह्या सरसावल्या. टूथब्रश, वर पेस्ट, खसाखस. तिची दोन महिन्यांची राखण वीस मिनिटांत मोरीत गेली. वर हाडांना वॉर्निश चोपडलं. पाहुण्यांपैकी एकाने कवटीला गाल लावून, दात विचकून फोटो काढून घेतला.

तीन महिन्यांनी तपासणाऱ्या बाई आल्या. भिंगातून पाहून म्हणाल्या, "दातांवर काही उरलेलं नाही. हाडंही वॉर्निशने वाया गेली."

"जुना माल. झिजतोच," साहेब म्हणाले. चेहऱ्यावरची माशी हलली नाही.

मेहुणीने कपाटातून एक डबी आणली. खणताना खड्ड्यातल्या बाईची एक दाढ सुटली होती. ती तिने मातीसकट ठेवली होती.

दाढेने सांगितलं: कंद आणि भरड धान्य.

"आणि त्याचं?" मेहुणीने विचारलं.

तपासणाऱ्या बाईंनी नकारार्थी मान हलवली.

नोंदवहीत आहाराचा रकाना असतो. बाईच्या ओळीत मेहुणीने कंद आणि धान्य लिहिलं. पुरुषाच्या ओळीत लिहिलं, टूथपेस्ट. खाली तारीख आणि साहेबांचा हुद्दा.

"खोडा ते," साहेब ओरडले.

"तुम्हीच खोडा," ती म्हणाली. "घासण्याची सवय आहे तुम्हाला."