दुसऱ्या हाताला कापूस लावला नाही

शिवाजी पेठेतला माझा दवाखाना बंद होऊन बरीच वर्षं झाली. आता सांगायला हरकत नाही. हरकत तेव्हाही नव्हती म्हणा, धीर नव्हता.

नव्वदच्या दशकाच्या मध्याला गडमुडशिंगीहून एक सासू सुनेला घेऊन आली. घरी चार म्हशी, धारा सून काढायची. तिच्या दंडावर रुपयाएवढा फिकट चट्टा होता. दुपारचे दोन वाजलेले, बाकावर अजून सात-आठ जण, आणि मला जेवायला घरी जायचं होतं.

"खाजतंय का गं?"

"कशाचं खाजतंय! दुकानातनं आणल्यालं मलम चोळतीया रोज," सासूच बोलली.

महारोगाच्या चट्ट्याला स्पर्श कळत नाही. मी सुनेला डोळे मिटायला लावले, कापसाची वात चट्ट्यावर टेकवली. "लागलं की हो म्हण." ती गप्प. पुन्हा टेकवली. गप्प.

"बघा की डॉक्टर, हूं न्हाय की चूं न्हाय."

मी महारोगाच्या गोळ्या लिहून दिल्या.

सासूसमोर परक्या पुरुषापुढं ती तोंड उघडणार नव्हती, हे इथंच वाढलेल्या मला कळायला हवं होतं. चांगल्या हाताला कापूस लावला असता तर तिथंही ती गप्पच बसली असती, आणि माझे डोळे उघडले असते. चट्टा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघायला दहा मिनिटं लागतात. तीही मी दिली नाहीत.

महिन्याभरात तिचं ताट वेगळं झालं, मग धारा बंद झाल्या, मग ती माहेरी गेली.

तीनेक महिन्यांनी सासू एकटीच आली. मनगटावर लाल, कडा उचललेलं, खवले धरलेलं चक्र.

"खाजून जीव जातोय. रेडकाच्या तोंडाला बी असंच झालंय. सुनंनंच लावलं न्हवं, डॉक्टर?"

साधं गजकर्ण होतं, रेडकाकडून आलेलं. सुनेलाही तेच झालेलं. दुकानातल्या मलमानं खाज आणि कडा दबल्या होत्या, एवढंच. मी सुनेला माहेराहून बोलावून घेतलं. या वेळी चट्टा खरवडला. काचेवर बुरशीचे धागे स्वच्छ दिसले. गोळ्या थांबवल्या, बुरशीचं मलम दिलं. महिन्यात कातडी साफ.

"गोळ्यांनी गुण आला म्हणायचा," सासू म्हणाली.

मी मान डोलावली. 'रोग नव्हताच, चूक माझी,' एवढंच म्हणायचं होतं. नाही म्हटलं.

सून नांदायला परत आली, पण धारेला तिला पुन्हा कुणी बसवलं नाही. महारोग झालेल्या बाईच्या हातचं दूध कोण घेणार?

दहा-बारा वर्षांनी ती मुलीला घेऊन आली. मुलीला ताप होता. सासू बरोबर नव्हती. मी चिठ्ठी लिहीत असताना ती म्हणाली, "डॉक्टर, त्या दिवशी कापूस लागलाता मला."

"ठाऊक आहे."

"कवापास्नं?"

"तुझ्या सासूचं मनगट बघितलं तेव्हापासून."



"मग आमच्या घरात का सांगिटलं न्हाईसा?"

मी मान खाली घालून चिठ्ठी पुरी केली. आता गप्प बसलेला मी होतो.