अजून एक डबी आण

लिहिण्याचा माझा अधिकार नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला, आणि मराठी लिहायची सवय गावी पाठवायच्या पत्रांपुरती. चुकलं तर माफ करा. पण समोर कोणी फॉर्म धरला की मान वर न करता "अजून एक डबी आण" म्हणणाऱ्या त्या बाईंबद्दल दुसरं कोणी लिहिणार नाही, म्हणून धीर करतो.

सुरतच्या एका दवाखान्यात त्या संडास-लघवी तपासत. नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझे मामा तिथेच गोडादऱ्याला कापडाच्या लूमवर होते. त्यांना एड्स निघाला, आणि मग जुलाब लागले ते चार महिने थांबेनात. पँट सुतळीने बांधावी लागे. खोलीत त्यांचा पेला वेगळा झाला. फॉर्म वाचता येणारा मीच, म्हणून तपासणीची डबी नेणं माझ्याकडे आलं.

पहिल्या दिवशी बाईंनी झाकण उघडलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"फिनाईल कोणी टाकलं?"

"मामीनं. बसमध्ये वास येऊ नये म्हणून."

"मामीला सांग, इथं वासाला कोणी लाजत नाही. अजून एक डबी आण." मग माझी बोली ओळखून त्यांनी त्याच बोलीत हळूच विचारलं, "तुना मामा कसा शे?"

मामा कसे आहेत, हे बऱ्याच दिवसांत कोणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या डबीत काही सापडलं नाही. बाकीचे अशा वेळी "काही आढळले नाही" लिहून मोकळे होत. बाई लिहीत, "या पद्धतीने दिसले नाही." त्यावर डॉक्टर साहेब चिडत. माझ्यासमोरच म्हणाले, "बेन, एड्सवाळाने झाडा तो थाय ज. शुं काम शोधो छो?"

"थाय ज, साहेब," बाई म्हणाल्या. "पण शेनाथी थाय?"

जुलाब होणारच, हे त्यांनाही मान्य होतं. कशामुळे होतात, ते विचारायचं सोडायला त्या तयार नव्हत्या. साहेबांनी मला बाजूला घेऊन मामांना गावी न्यायला सांगितलं. मामीने बोचकं बांधलं. मी तरीही तिसरी डबी नेली.

बाईंनी एक लाल रंग मुंबईहून स्वतः मागवून ठेवला होता. परवानगी नव्हती, म्हणून जेवणाच्या सुट्टीत त्या नमुना लावलेल्या काचा रंगवत. काच दीड तास रंगात राही. भाकरी त्या उभ्यानेच खात. मग मायक्रोस्कोपमध्ये बराच वेळ पाहून त्या बाजूला सरकल्या.

"बघ. कॉलेजात जातोस ना?"

मला गुलाबी धूळ दिसली.

"धूळ नाही ती. मधे पट्टा बघ, कमरेला करदोटा बांधल्यासारखा. मायक्रोस्पोरिडिया, अगदी बारीक जंतू. धडधाकट माणसाला सहसा याचं काही वाटत नाही. अंगातली ताकद गेली, की आतड्यात ठाण मांडतो."

मी विचारलं, "मग मामा बरे होतील?"

"एड्स जाणार नाही. याच्या दोन मुख्य जाती. एकीवर जंताची गोळी चालते, दुसरीवर फारशी नाही. तुझ्या मामाची कोणती, ते मला इथं कळत नाही. पण गोळी न देता गावी पाठवायचं नाही."

काच हातात धरून त्या साहेबांच्या टेबलापाशी गेल्या आणि ते मायक्रोस्कोपशी येईपर्यंत तिथून हलल्या नाहीत. साहेबांनी पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि गोळ्या लिहून दिल्या.

तिसऱ्या आठवड्यात मामांनी खिचडी पचवली. मामीने बोचकं सोडलं. पुढे ते अर्ध्या पाळीला लूमवर जाऊ लागले.

मी पलसाण्याच्या एका डाइंग मिलच्या लॅबमध्ये लागलो आणि बाईंना भेटायचं राहूनच गेलं. दोन वर्षांनी एका रविवारी मामा बसने माझ्याकडे आले. वाळलेले, पण स्वतःच्या पायांनी. बाई गेल्याचं त्यांना दवाखान्यातच कळलं होतं. मला कळवायला वेळ नव्हता, म्हणून एकटेच अंत्ययात्रेला गेले होते.

"मला काय झालंय, ते त्यांच्या भावाला ठाऊक होतं," मामा म्हणाले. "तरी त्यानेच मला पुढे बोलावलं. मी खांदा दिला."