कोपऱ्यावरचा खांब

"हात लावू नका, खांबाला अजून झोप लागलेली नाही."

ओळंबाकाकू हे इतक्या गंभीरपणे म्हणायची की रस्त्याने जाणारी माणसंही पाय न वाजवता पुढे सरकायची. ओल्या काँक्रीटमध्ये उभा केलेला खांब तिच्या लेखी नुकतं अंथरुणावर टाकलेलं मूल होता. खांब सरळ उभा आहे का ते बघायचा ओळंबा कमरेला कायम लटकलेला, म्हणून ओळंबाकाकू. खरं नाव विचारलं तर तिलाही क्षणभर आठवावं लागत असेल.

नवरा गेला आणि खांब रोवायचं त्याचं काम तिने उचललं. सोबतीला धाकटा दीर होता. ती त्याला भावजी म्हणायची, म्हणून सगळी गल्ली त्याला भावजीच म्हणे. हात चालोत न चालोत, भावजीचं तोंड चालायचं.

"वहिनी, खांब लावताय की मुलीला स्थळ बघताय? किती न्याहाळाल?"

"स्थळ चुकलं तर मुलगी माहेरी परत येते, भावजी. इथे चुकलं तर वर कोण येतंय?"

चुकणं म्हणजे काय, ते आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. गल्ली जिथे संपते तिथे जमीनही संपते. पुढे दगडाची जुनी खाण आहे, सरळ कापल्यासारखी. तळाला काळं पाणी. दगड टाकला की आवाज यायला वेळ लागतो. त्या काठावर कुंपण घालायचं काम काकूकडे आलं. तिला खोल जागेची भीती वाटायची. कुणाला बोलली नाही. पण काम करताना ती पाठ खाणीकडे ठेवायची आणि तोंड आमच्या दारांकडे.

खड्डे तिने पुरुषभर नाही तरी कमरेएवढे खणून घेतले. तळाला खडी, तिच्यावर लोखंडी खांब, दोन बाजूंनी लाकडी टेकू, मग काँक्रीट. सळईने टोचून टोचून त्यातली हवा काढायची. वर थापीने असा उतार द्यायचा की पाणी खांबापासून दूर पळावं. मग वाट बघायची. कोपऱ्यावरच्या खांबापाशी तिने सगळ्यात जास्त वेळ काढला, कारण दोन्हीकडच्या तारा ताणल्या की त्या या खांबाला खाणीकडेच ओढतात.

तारेची जाळी ताणून झाली त्या दुपारी भावजी त्या कोपऱ्यालाच पाठ टेकून बसला होता. गल्लीतली चारदोन माणसं समोर. तार कशी ओढली, हाताला कसे फोड आले, हे तिखटमीठ लावून चाललं होतं. काकू पत्र्याच्या डब्यात पाणी घेऊन एकेका खांबाच्या बुडाशी ओतत येत होती. ही तिची शेवटची तपासणी असायची. पाणी उतारावरून बाहेर वाहिलं की काम झालं.

कोपऱ्यावर तिने पाणी ओतलं. ते खांबाभोवती फिरलं आणि आत गेलं. बारीक बुडबुडे वर आले.

काकूचा हात तसाच राहिला. खांब आणि काँक्रीट यांची पकड सुटली होती, आणि भावजीचं सगळं वजन त्या जाळीवर होतं. ओरडावं तर तो दचकून मागे रेलणार.

"भावजी," ती अगदी सावकाश म्हणाली, "माझी थापी कुठे दिसत नाही. जरा बघता?"

"वहिनी, आज हुकूम नको. आज आम्ही साहेब!" तो मान मागे टाकून हसला.

खांब कुरकुरला. आवाज एवढासा, पण आम्हा सगळ्यांना ऐकू आला. काकूने डबा टाकला, खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि टाचा जमिनीत रोवल्या. खाण आता तिच्या डोळ्यांसमोर होती.

"हसू नका. वळू नका. पुढे वाकून गुडघ्यांवर या."

भावजीने खांबाच्या बुडाशी ओल पाहिली. त्याचं तोंड पांढरं पडलं. तो रांगत आमच्या पायांपर्यंत आला. मग काकूने हात सोडले. खांब पेंगणाऱ्या माणसाच्या मानेसारखा कलला, आणि जाळीचं पोट खाणीवर लोंबू लागलं.

"टेकू कुणी काढले होते?" तिने विचारलं.

"पुढच्या खांबाला कमी पडत होते, वहिनी. मीच काढले. हा कलला, मग मी सरळ केला. वरून सिमेंटचा हात फिरवला." त्याने कललेल्या खांबाकडे बोट केलं. "ओळंब्यात तर बसला ना! तुम्हीच बघितलंत."

बघितलं होतंच तिने.  तिने विचारलं, "असे आणखी किती?"

"हा एकच. तुमची शपथ."

मागे दारांत बायका उभ्या होत्या, त्यांच्या मागून पोरं डोकावत होती. काकूने त्यांच्याकडे पाहिलं, मग दिराकडे. त्या शपथेवर कुणाची पोरं त्या काठावर सोडायची, हा प्रश्न तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता.

ती पुढच्या खांबाकडे गेली, खाणीकडे पाठ केली आणि अंगाचा सगळा भार टाकून रेलली. कुणाच्या तरी तोंडून "अगं बाई" निघालं. खांब हलला नाही. ती त्याच्या पुढच्याकडे गेली, तिथेही रेलली. मग त्याच्या पुढच्याकडे वळली.

"वहिनी, तो नको!" भावजी किंचाळला. "त्याला टेकू नका!"

ती थांबली. त्या खांबाला चुन्याने फुली मारली. मागे वळून पाहिलंही नाही. कुंपण जिकडे वळत होतं तिकडे ती एकेका खांबावर पाठ टाकत चालत राहिली. भावजी जमिनीवर बसून तिच्याकडे बघत होता, आणि पुढचा कच्चा खांब कळावा म्हणून आम्ही सगळे भावजीच्या तोंडाकडे.