कांदा म्हणजे दाजी

आमच्या थोरल्या साडूंइतका, म्हणजे दाजींइतका उमेदवार माणूस अख्ख्या आंबेगाव तालुक्यात झाला नाही, आणि मी जुन्नरचा असल्यामुळे जुन्नरही त्यात धरायला माझी हरकत नाही. निवडणूक मात्र ते आजवर एकही लढलेले नाहीत. त्यासाठी आधी पक्षाचं तिकीट लागतं आणि ते दाजींना कधी मिळालं नाही. पण उमेदवारी अंगात मुरलेली. महाळुंगे पडवळच्या रस्त्यानं निघाले की ओळखीचा-बिनओळखीचा, जो दिसेल त्याला हात जोडणार. एकदा उसाच्या कडेला वनखात्यानं बिबट्यासाठी पिंजरा लावला होता, त्यालाही त्यांनी चालता चालता नमस्कार केला. आत बांधलेली शेळी ओरडली. "शेळीचा का आसंना, परतिसाद हाय," असं वर मलाच सांगितलं.

घरात एक निळी फाइल. तिच्यात थकबाकी नसल्याचा दाखला, शौचालय असल्याचा दाखला आणि हात जोडलेले फोटो. पहिल्या फोटोत केस काळेभोर, शेवटच्यात पांढरेशुभ्र, हात मात्र तसेच. दुपारी कांद्याला पाणी सोडायचं आणि कालव्याच्या काठावर जाऊन बसायचं, हा त्यांचा नेम. वाहत्या पाण्याकडे बघत ते मनातल्या मनात सभा घेतात. तोंडातून शब्द नाही, फक्त मधूनच उजवा हात वर जातो. तोवर इकडे वाफा फुटून पाणी शेजाऱ्याच्या मेथीत. मग आमच्या मेव्हणीबाई, म्हणजे अक्का, बांधावरून हाक मारतात, "अवं, सभा आटपा, पाणी फुटलंय."

त्यांचं स्वप्न नुसतं स्वतःपुरतं होतं असंही नाही. "तिकीट वरनं येतं, हितंच गफलत हाय, पावणं," ते म्हणायचे. "वरच्याला आमची आळी म्हाईत न्हाई. गावानं बसून नाव ठरवावं, पक्षानं निस्ता शिक्का मारावा." मी हो हो म्हणायचो. असलं काही होणार नाही याची मला पक्की खात्री होती.

आणि या खेपेला ते झालं. पंचायत समितीसाठी आमच्या पक्षातून इच्छुक दोघंच, दाजी आणि त्यांचा बालमित्र, वस्तीवरचा मेंढ्या राखणारा. तालुक्याच्या अध्यक्षांनी दोघांना मंचरला बोलावून सांगितलं, "भांडत बसू नका. कार्यकर्ते बसवा, एक नाव आणा, त्याला तिकीट." बाहेर आल्यावर दाजींनी हायवेवरच्या एकूण एक ट्रकला हात जोडले. जन्मात पहिल्यांदाच तिकीट त्यांच्या एवढं जवळ आलं होतं.

मतदानाची युक्ती त्यांचीच. देवळाशेजारच्या भजनाच्या खोलीत एक ढीग कांद्याचा, एक बटाट्याचा. कांदा म्हणजे दाजी, बटाटा म्हणजे मित्र. एकेकानं आत जायचं, दार लोटायचं, एक काय ते उचलून पोत्यात टाकायचं. कार्यकर्ते एकवीस, त्यात हे दोघंही आले. मी परगावचा, म्हणून मोजणी माझ्याकडे. पोतं ओतलं तर दहा कांदे, अकरा बटाटे. दाजींनी ते दोनदा मोजले, मित्राला मिठी मारली आणि अक्कांना म्हणाले, "रस्सा टाका." सगळी मतं शिजली, सगळे पोटभर जेवले आणि फेरमोजणीचा प्रश्न कायमचा मिटला.

संध्याकाळी दाजी आणि मी कालव्यावर बसलो होतो. ते म्हणाले, "पावणं, मी बटाटा टाकला."

"अहो, काय सांगता?"

"कांदा उचलला व्हता. पर आपलंच नाव आपुनच कसं टाकायचं, राव? बरं दिसतं का?"

"दाजी, खोलीत होतं कोण बघायला?"

"मी व्हतो की." मग पाण्याकडे बघत म्हणाले, "येका मतानं गेलं. माझा कांदा पडला आसता तर मीच आकरा."

मला त्यांचा राग आला आणि त्यांच्या गळ्यात पडावंसंही वाटलं.

अध्यक्षांनी शब्द पाळला, मित्राला तिकीट मिळालं आणि तो निवडूनही आला. प्रचारात सगळ्यात जास्त हात दाजींनीच जोडले. निकालानंतर मित्र लेण्याद्रीच्या गणपतीला आला, तेव्हा मी बरोबर होतो. अर्ध्या पायऱ्या चढून झाल्यावर तो दम खात बसला आणि हळूच म्हणाला, "भाऊ, कुनाला बोलू नका. मी कांदा टाकल्याला. सोताचाच बटाटा उचलाया हात रेटंना." मी तिथंच बोटांवर हिशेब करत बसलो. दोघांनी आपापलं नाव टाकलं असतं, तरी कांदे दहा आणि बटाटे अकराच.

दाजींना हे मी सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. परवा गेलो तर स्वारी कालव्यावरच होती. "येका मतानं, पावणं," ते अगदी तृप्त होऊन म्हणाले. "हातात आल्यालं व्हतं, आपुनच सोडलं."

"हो दाजी," मी म्हणालो.

त्यांची नजर पाण्यावर लागली आणि थोड्या वेळानं उजवा हात सावकाश वर गेला. तिकडे वाफा फुटला होता. अक्का हाक मारायला बांधावर आल्या, तेव्हा मी त्यांना हातानंच थांबवलं आणि खोरं घेऊन पाणी वळवायला गेलो.